कोकणाचा इतिहास जगभरच्या जुन्या वृत्तपत्रांत कसा शोधायचा: नवख्या संशोधकांसाठी

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडातल्या महाविद्यालयात इतिहासाचा प्रबंध हाती घेतलेल्या कुणालाही विचारा, पहिली तक्रार ठरलेली असते: साधनंच मिळत नाहीत. मुंबईला पुराभिलेखागारात बसायचं तर राहायचं कुठे? आणि इथल्या वाचनालयात शंभर वर्षांपूर्वीचे अंक मागितले, तर कपाटाची किल्ली कोणाकडे आहे इथूनच सुरुवात.

तक्रार खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. कोकण समुद्राकाठचा मुलूख. इथे आगबोट बुडाली, एखादा राजा कैदेत आणून ठेवला, ग्रहण बघायला विलायतेहून शास्त्रज्ञ आले, की ती बातमी मुंबईहून तारेने लंडनला जायची आणि तिथून सिडनी, वेलिंग्टन, सिंगापूरच्या पेपरांत छापून यायची. त्यांतले बरेचसे पेपर त्या त्या देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांनी स्कॅन करून फुकट खुले केले आहेत. देवगडला घरच्या पडवीत बसून ते वाचता येतात. ते शोधायचे कसे, हे मात्र अभ्यासक्रमात कुठे नाही. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नाव टाकून शोधायला बसू नका, तारीख घेऊन बसा. आपल्या गावांची आणि माणसांची इंग्रजी स्पेलिंगं दर दहा-वीस वर्षांनी बदललेली दिसतात. तारीख बदलत नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- लॅपटॉप किंवा संगणक. मोबाइलवर शोध घेता येतो, पण आठ कॉलमांचं पान वाचता येत नाही.
- झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर, किंवा निदान एक्सेलची एक कोरी शीट.
- महाविद्यालयाचं ओळखपत्र, आणि मिळत असेल तर संस्थेचा ईमेल. सशुल्क संग्रहांची दारं त्यावरच उघडतात.
- मार्गदर्शकांचं किंवा प्राचार्यांचं शिफारसपत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. ऑनलाइन कामाला ते लागत नाही, पण पुराभिलेखागारात किंवा जुन्या वाचनालयात जावं लागलंच तर पहिल्यांदा तेच मागतात. दोन-तीन प्रती करून ठेवा. आधार कार्डाची झेरॉक्सही.
- जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे दोन खंड: रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८०चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३चा. दोन्ही नेटवर फुकट मिळतात. डाउनलोड करूनच ठेवा. पावसाळ्यात वीज आणि रेंज एकदमच जातात, तेव्हा हार्ड डिस्कवर जे असेल तेवढंच आपलं.

१. घटनेची तारीख पक्की करा, मग तिच्याभोवती खिडकी आखा

घरच्या कागदांत किंवा देवळाच्या वहीत तिथी आणि शक असतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. म्हणजे शके १८१९च्या पौष अमावास्येचं सूर्यग्रहण इसवी १८९७ मध्ये नाही, २२ जानेवारी १८९८ला येतं. या एका वर्षाच्या फरकाने शोध हमखास रिकामा जातो. अधिक मास असेल तर छापील पंचांग किंवा तारखा बदलून देणारी एखादी वेबसाइट वापरा, बोटांवर मोजू नका.

माणसांच्या आठवणीही कामाला येतात. रामदास बोट गटारीच्या सुमारास बुडाली, असं रेवसकडची जुनी माणसं सांगत. तारीख निघते १७ जुलै १९४७, गुरुवार. वार काढून ठेवायचा तो एवढ्यासाठी, की रविवारी बरेच पेपर निघत नसत. शनिवारची बातमी सोमवारच्या अंकात शोधावी लागते.

आता खिडकी. बातमीला पोचायला किती वेळ लागत होता, त्यावर तिची रुंदी ठरते. मुंबईहून एडनमार्गे विलायतेपर्यंत समुद्राखालून तार पडली १८७०ला, आणि ऑस्ट्रेलिया तारेने जोडला गेला १८७२ला. त्यानंतरची मोठी बातमी एक-दोन दिवसांत छापून आलेली असते, तेव्हा घटनेपासून आठवडाभर पुढे पाहिलं तरी चालतं. त्याआधीची बातमी टपालाच्या बोटीने जायची. १८४०-५०च्या दशकातली मुंबईची बातमी लंडनच्या पेपरात महिना-दीड महिन्याने येते, सिडनीच्या पेपरात त्याहून उशिरा. तिथे खिडकी चार महिन्यांची ठेवा.

तार आली तरी टपाल बंद झालं नव्हतं, हे विसरू नका. तारेने दोन ओळी येतात. त्याच घटनेचं सविस्तर, डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन पत्राने येतं आणि सहा-आठ आठवड्यांनी छापलं जातं. नवखे लोक दोन ओळींवर समाधान मानून थांबतात. खरा माल दुसऱ्या खेपेला असतो.

२. गावांच्या जुन्या स्पेलिंगांचा तक्ता करा

इथे इंग्रजी अक्षरं देवनागरीत लिहिते आहे, शोधताना तुम्ही ती रोमन टायपा. रत्नागिरीसाठी आजच्या स्पेलिंगाबरोबर आर-यू-टी-एन-ए-जी-एच-ई-आर-आर-वाय हेही टाका. वेंगुर्ला व्ही-आय-एन-जी-ओ-आर-एल-ए असा सापडतो. बाणकोटला बी-ए-एन-सी-ओ-ओ-टी म्हणत, नाहीतर सरळ ‘फोर्ट व्हिक्टोरिया’. विजयदुर्ग अठराव्या शतकात ‘घेरिया’ आहे: जी-एच-ई-आर-आय-ए-एच. तुळाजी आंग्र्यांकडून तो १७५६ला इंग्रजांनी घेतला, त्या बातम्या याच नावाखाली आहेत. एकोणिसाव्या शतकात तोच किल्ला ‘विझियादुर्ग’ किंवा ‘विझियाद्रुग’ होतो, म्हणजे व्ही-आय-झेड-आय-ए, पुढे डी-यू-आर-जी किंवा डी-आर-यू-जी.

सुवर्णदुर्ग शोधाल तर आणखी गंमत. इंग्रजांनी त्याचं ‘सेव्हर्नड्रूग’ केलं होतं. ते टाकलं की निम्मे निकाल लंडनजवळच्या एका मनोऱ्याचे येतात. १७५५ला सुवर्णदुर्ग जिंकणाऱ्या कमोडोर जेम्सच्या स्मरणार्थ तो बांधला आणि त्याला किल्ल्याचंच नाव दिलं. तिथल्या सहली आणि चहापान यांच्या बातम्यांत हर्णै हरवून जातं. शोधात ‘बॉम्बे’ किंवा ‘आंग्रिया’ जोडला की गाळ खाली बसतो.

जिल्ह्यांची नावंही तपासा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा. त्याआधीच्या पेपरात सिंधुदुर्ग म्हणजे फक्त मालवणचा किल्ला. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, म्हणून त्यांच्या बातम्या कधीकधी संस्थानांच्या सदरात असतात.

माणसांचंही तेच. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून १९१६च्या डिसेंबरात वारेपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता, आणि त्याच्याबद्दल जगभरच्या पेपरांनी चवीने लिहिलं. पण आज पुस्तकांत जे स्पेलिंग असतं ते टाकलंत तर फार थोडं हाती लागेल. तेव्हाचे पेपर टी-एच-ई-ई-बी-ए-डब्ल्यू लिहीत, नाहीतर एकच ई घालून.

३. कुठलं दार आधी ठोठवायचं

फुकटातली तीन आधी. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह: १८०३ पासून साधारण १९५४ पर्यंतचे पेपर, शोध उत्तम, आणि यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर वाचकांना सुधारताही येतो. न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट त्याहून साधं आणि वेगवान, कमी नेटवरही चालतं. सिंगापूरचं न्यूजपेपर-एसजी विसाव्या शतकातल्या बोटी, खलाशी आणि अपघात यांच्यासाठी फार उपयोगी, स्ट्रेट्स टाइम्स त्यात १८४५ पासून आहे. अलीकडच्या काळातले काही लेख मात्र फक्त तिथल्या ग्रंथालयाच्या संगणकावरच उघडतात.

अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका कोकणासाठी कमी लागतं, पण थिबासारख्या विषयाला लागतं. फ्रान्सचं गॅलिका आणि नेदरलँड्सचं डेल्फर हेही फुकट. तिथे जायचं कारण विषयावर ठरेल. सावरकरांनी ८ जुलै १९१०ला मार्सेलिसला बोटीतून उडी मारली, त्या प्रकरणाचा निकाल हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ला दिला. म्हणजे पहिली तारीख फ्रेंच पेपरांची आणि दुसरी डच पेपरांची. भाषा येत नसली तरी पानावरचा मजकूर उचलून भाषांतर यंत्राला देता येतो, अंदाज घ्यायला तेवढं पुरतं. उद्धृत करायचं असेल तर भाषा येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पोर्तुगीजसाठी तर आपल्याला फार लांब जायला नको. सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यावर काम असेल तर पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातले जुने पोर्तुगीज अंक बघितल्याशिवाय प्रबंध पुरा मानू नका.

भारतातली फुकट दारं: राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल (नोंदणी करावी लागते), मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी, आणि साउथ एशिया ओपन आर्काइव्हज. गूगलच्या वृत्तपत्र संग्रहात काही भारतीय इंग्रजी पेपर आहेत, पण तिथल्या शोधाच्या चौकटीवर वेळ घालवू नका. पेपर निवडायचा, तारीख निवडायची आणि पान उलटायचं. पुन्हा तारीखच.

सशुल्कांपैकी दोन महत्त्वाचे. टाइम्स ऑफ इंडियाचे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या डेटाबेस कंपनीकडे आहेत आणि ते संस्थेमार्फतच मिळतात. १८६१ आधीचं काही हवं असेल तर पेपराचं नाव ‘बॉम्बे टाइम्स’ होतं हे ध्यानात ठेवा. तुमच्या महाविद्यालयाकडे ते नसणार हे गृहीत धरा. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना ईमेल करून बाहेरून प्रवेश मिळतो का ते विचारा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ आलं म्हणून हे पेपरही आपोआप खुले झाले, अशा समजुतीत राहू नका. ती योजना मुख्यतः शोधपत्रिकांसाठी आहे. दुसरा संग्रह ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह, त्याच्या पैशांबद्दल पुढे.

४. एक शोध अथपासून इतिपर्यंत: विजयदुर्गचे साहेब

विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. कोणी त्यांना साहेबाचे ओटे म्हणतं, कोणी साहेबाचा कट्टा. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात इथूनच दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला, असं सांगितलं जातं. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर कार्यक्रमही होतो. समजा, तुम्हाला हीच गोष्ट पेपरांतून तपासायची आहे.

पहिली पायरी तारीख. दावा १८ ऑगस्ट १८६८चा. तेव्हा तार पक्की नव्हती, म्हणून खिडकी ऑगस्ट १८६८ ते जानेवारी १८६९. ट्रोव्हमध्ये वृत्तपत्रांचा विभाग निवडा, प्रगत शोधात तारखा भरा, आणि शब्द टाका ‘एक्लिप्स’ आणि ‘इंडिया’. विजयदुर्ग अजून टाकू नका. आधी गाळणी मोठ्या भोकांची ठेवायची. त्या ग्रहणासाठी कोण कुठे बसलं होतं, हे या बातम्या आणि अहवाल जुळवून कळतं: फ्रेंच जान्सेन गुंटूरला, इंग्रजांचा टेनंटही गुंटूरला, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता, आणि ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेच्या ज्वाला वर्णपटात पकडण्याचं त्याचं निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८चं, लंडनमधलं.

मग ओट्यांवरचा साहेब कोण? आता उलट बाजूने जा. शब्द ‘लॉकियर’ आणि ‘विझियाद्रुग’, तारखेचं बंधन काढून टाका. निकाल १८९७-९८ला गोळा होतात. २२ जानेवारी १८९८, शनिवार, खग्रास सूर्यग्रहण. लॉकियर तेव्हा खरोखरच विजयदुर्गात होता, आणि ‘मेलपोमेनी’ या युद्धनौकेचे खलाशी त्याच्या दिमतीला होते. दुर्बिणी उभ्या करणं, वेळ मोजणं, प्रभामंडलाची चित्रं काढणं ही कामं त्यांनी केली. साहेब खरा, ओटे त्याच्या कामाचे असणं शक्य, पण वर्ष तीस वर्षांनी मागे सरकलेलं. आणि १८९५ला रॅम्झेने हेलियम प्रयोगशाळेत वेगळा केलेला होता, म्हणजे १८९८ला तो इथे ‘सापडायचा’ राहिलाच नव्हता.

लॉकियर १८७१च्या ग्रहणालाही हिंदुस्थानात आला होता, पण तेव्हा तो केरळात बेकळला होता. दोन-तीन ग्रहणं एकाच आठवणीत मिसळली असतील, तर ती वेगळी कशी करायची हे इथे दिसतं. आधी रुंद खिडकी आणि साधे शब्द, मग अरुंद शब्द आणि मोकळी तारीख. हे दोन फेरे प्रत्येक विषयाला करा.

गावात जाऊन हे सांगायची पद्धत वेगळी, ती तुमची तुम्ही ठरवा. दशावतारात नारदाने मधेच येऊन कथा बदलली तर लोक हसतात, तुम्ही बदललीत तर हसतीलच असं नाही.

५. यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका

तुम्ही शोधता तो पानाचा फोटो नसतो, यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर असतो. शाई पसरली असेल, कागद पिवळा पडला असेल, शब्द ओळीच्या टोकाला तुटला असेल, तर यंत्र काहीतरी भलतंच वाचतं. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या आत येणारा लांबट ‘एस’ हमखास ‘एफ’ होतो. म्हणून शोध रिकामा आला म्हणजे बातमी नाही, असं लिहू नका. तारीख पक्की असेल तर त्या दिवसाचा अंक उघडून जहाजांच्या आणि तारांच्या सदरांवरून स्वतःच्या डोळ्यांनी फिरा. वीस मिनिटांचं काम आहे.

दुसरं, अंकच गहाळ असू शकतो. संग्रहात कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंतचे अंक आहेत हे प्रत्येक पेपराच्या माहितीत दिलेलं असतं. ते आधी वाचा.

आणि नावांचे सापळे. ‘रामदास’ टाकून १९४७ची खिडकी उघडली तर बोटीच्या आधी रामदास गांधी भेटतात, महात्माजींचे चिरंजीव. तिथे ‘स्टीमर’, ‘फेरी’, ‘बॉम्बे’ हे शब्द आणि १८ ते २५ जुलै एवढ्या तारखा पुरतात. त्याच मार्गाने ११ नोव्हेंबर १९२७ला एकाच दिवशी बुडालेल्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटींचा माग काढता येतो. या दोघींवर काम अगदी कमी झालंय, विषयाच्या शोधात असाल तर बघा. बोटींवरच्या आपल्या खलाशांसाठी शब्द ‘लास्कर’. त्यांची स्वतःची नावं बातमीत आली तर मोडतोड होऊनच येतात, बहुतेकदा येतच नाहीत. मग बोटीच्या नावाने आणि बंदराच्या तारखेने शोधायचं.

६. चाळीस निकाल म्हणजे चाळीस पुरावे नव्हेत

प्रबंधात सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. “या घटनेची दखल चाळीस वृत्तपत्रांनी घेतली” असं लिहिलेलं असतं. पानं उघडून बघितली तर सगळीकडे रॉयटरची एकच तार, शब्दन् शब्द सारखी. तो एकच साक्षीदार आहे, चाळीस ठिकाणी उभा केलेला. सारखा मजकूर एका गटात टाका आणि वेगळं काही सांगणारं एकच पान शोधा: मुंबईच्या बातमीदाराचं पत्र, एखाद्या प्रवाशाचं पत्र, चौकशीचा वृत्तान्त. मृतांचा आकडा तर पहिल्या दिवशीच्या तारेतून कधीच घेऊ नका.

दृष्टिकोनही धरून चालावं लागतं. बाणकोटच्या खलाशाबद्दल मेलबर्नचा पेपर लिहितो, तेव्हा त्याचे वाचक गोरे आहेत हे वाक्यावाक्यात जाणवतं.

७. मराठी पेपर: इथे पद्धत बदलते

पहिलं मराठी वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, पण म्हणून मराठी पेपरांतला शोध सोपा होत नाही. जुन्या शिळाछापावर आणि तुटक्या खिळ्यांवर देवनागरी वाचणारं यंत्र गळपटतं. ‘दर्पण’पुरती एक युक्ती आहे: ६ जानेवारी १८३२ पासून तो मराठी आणि इंग्रजी अशा शेजारशेजारच्या कॉलमांत छापला जात होता. इंग्रजी कॉलमावरून जागा सापडवायची आणि मग शेजारचं मराठी वाचायचं. केसरी (१८८१ पासून), ज्ञानप्रकाश (१८४९ पासून), इंदुप्रकाश (१८६२ पासून) यांच्यात मात्र तारीख घेऊन पानच उलटावं लागतं.

रत्नागिरीचे ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ यांच्यासारख्या स्थानिक साप्ताहिकांचे मूळ अंक सलग मिळणं कठीण. त्यांच्यासाठी एक आडवाट आहे आणि ती फार मोलाची: मुंबई सरकारचे देशी वृत्तपत्रांवरचे साप्ताहिक अहवाल. १८६८ पासून सरकारी भाषांतरकार दर आठवड्याला मराठी, गुजराती पेपरांचा इंग्रजी गोषवारा काढून वरिष्ठांना देत असे. मूळ अंक वाळवीने खाल्ला तरी त्यातलं चार ओळींचं सार या अहवालात उरलेलं असतं. साउथ एशिया ओपन आर्काइव्हज आणि अभिलेख पटलावर ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’ या शब्दांनी शोधा, आणि सोबत ‘बॉम्बे’. फक्त एवढं लक्षात ठेवा, की भाषांतरकार सरकारला ज्याची काळजी होती तेच उचलत होता. आंब्याचा भाव, बोटीचं वेळापत्रक, शिमग्याची हकीकत असं काही त्यात फारसं मिळायचं नाही.

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९-२० मार्च १९२७चा, आणि ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७चा. म्हणजे त्या दोन दिवसांच्या ताज्या बातमीसाठी मुंबईचे दैनिक पेपर आणि हे साप्ताहिक अहवाल, आणि बाबासाहेबांच्या बाजूने झालेल्या मांडणीसाठी ‘बहिष्कृत भारत’. त्याचं महाराष्ट्र शासनाने केलेलं पुनर्मुद्रण मिळतं, तेव्हा स्कॅनच्या मागे लागायची गरज नाही.

८. सापडलं त्याच क्षणी नोंद

“नंतर लिहून ठेवू” म्हटलं की ते पान पुन्हा सापडत नाही. नोंदीत पेपराचं नाव, गाव, अंकाची तारीख, पान, कॉलम, मथळा, कुठल्या संग्रहातून घेतलं, कायमची लिंक आणि तुम्ही पाहिल्याचा दिवस. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता उचलू नका, ट्रोव्ह लेखाबरोबर छोटी कायमची लिंक देतं ती घ्या. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, म्हणजे १८९८-०१-२४, मग पेपराचं नाव, मग पान. फाइली आपोआप तारखेने लागतात.

कात्रणाबरोबर अख्ख्या पानाचाही फोटो ठेवा. बातमी पहिल्या पानावर होती की जाहिरातींच्या खाली कोपऱ्यात, हाही पुरावाच आहे. बातमीवरची तारीख (‘बॉम्बे, २३ जानेवारी’) आणि अंकाची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहा, परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

९. पैसे कधी आणि कसे खर्चायचे

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोध फुकट आहे आणि निकालाखाली मजकुराच्या दोन-तीन ओळी दिसतात. पैसे पान उघडायला लागतात. थोडी पानं फुकट खुली आहेत, ती गाळणी आधी लावून बघा. ‘होमवर्ड मेल’सारखा हिंदुस्थानच्या बातम्यांसाठीच लंडनहून निघणारा पेपर तिथे असल्यामुळे कधी ना कधी तिथे जावं लागतंच. पण आधी फुकटात सगळे निकाल टिपून शीट भरा. यादी पुरी झाली की एकाच महिन्याची वर्गणी घ्या आणि त्या महिन्यात दुसरं काही करू नका. गणपतीचा महिना निवडू नका, घरात पाहुणे असतात.

आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करा. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, ती घेतल्याच दिवशी नूतनीकरण रद्द करून टाका. महिना पुरा वापरता येतोच.

पानाचा फोटो प्रबंधात किंवा पुस्तकात छापायचा असेल तर त्या संग्रहाच्या अटी वाचा आणि लेखी परवानगी घ्या. मजकूर जुना असला तरी स्कॅनच्या वापराला संस्थेच्या अटी असतात. आपल्याकडे निनावी मजकुराचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपतो, नावानिशी लिहिलेल्याचा लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी.

१०. नेटवर नाहीच, तेव्हा

आता ते शिफारसपत्र काढा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. चिपळूणच्या वाचनालयाला २०२१च्या पुराचा मोठा फटका बसला, तेव्हा तिथे काय शिल्लक आहे हे फोनवर विचारूनच निघा. जाताना “जुने पेपर आहेत का?” असं मोघम विचारू नका. उत्तर नाहीच येतं. वर्ष, महिना आणि पेपराचं नाव कागदावर लिहून न्या, आणि दाखलनोंद वही बघायला मागा. बांधीव खंड पुष्कळदा पेपराच्या नावाने नोंदलेले नसून देणगीदाराच्या नावाने नोंदलेले असतात.

जायचं ते मे संपायच्या आत. पाऊस लागला की जुने गठ्ठे उघडायला कोणी तयार होत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. फोटो काढायची परवानगी लेखी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, घडीवर फाटलेलं पान स्वतः उलगडू नका, तिथल्या माणसाला सांगा. काम झाल्यावर तुम्ही काढलेल्या फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर वाचनालयाला द्या, तारखांच्या यादीसकट. पुढच्या खेपेला किल्ली लवकर सापडते.